लेख चोरीला गेल्यावर काय करावे: सीमाभागातील मराठी ब्लॉगलेखकांसाठी

खानापूर तालुक्यातील हलशी येथील भूवराह नरसिंहाच्या देवळावर मी काही वर्षांपूर्वी एक दीर्घ लेख लिहिला होता. त्या प्रवासात माझी आत्या सोबत होती. देवळाकडे जाताना वाटेत तिची चप्पल तुटली आणि आम्हाला गावात बराच वेळ थांबावे लागले, हा तपशीलही मी लेखात दिला होता. पुढे वर्षभराने त्याच देवळावरचा एक कन्नड लेख माझ्या वाचनात आला. त्या लेखकासोबतही त्याची ‘सोदरत्ते’, म्हणजे आत्या, होती, आणि आश्चर्य म्हणजे वाटेत तिचीही चप्पल तुटली होती. लेखाखाली नाव अर्थातच माझे नव्हते.

मराठीत लिहिणाऱ्या कोणाचाही लेख चोरीला जाऊ शकतो. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लिहिणाऱ्याचा लेख दोन वाटांनी जातो. एक वाट मराठी गटांची आणि पोर्टलांची, तर दुसरी भाषांतराची, कारण येथे दोन्ही लिपी वाचणारे घरोघरी आहेत आणि आता यांत्रिक भाषांतरामुळे तेवढीही गरज उरलेली नाही. “भाषा बदलली म्हणजे लेख नवा झाला” असा समज मी चांगल्या सुशिक्षित माणसांकडूनही ऐकला आहे. तो साफ चुकीचा आहे. स्वामित्वहक्क (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार आपल्या लेखनाचे भाषांतर करण्याचा हक्क लेखकाकडेच असतो आणि विनापरवाना केलेले भाषांतर हे थेट हक्कभंगात मोडते. लेख ब्लॉगवर फुकट वाचायला ठेवला आहे म्हणून हा हक्क कमी होत नाही.

चोरी लक्षात येताच बहुतेकांच्या हातून पहिली चूक होते ती त्या पानाखाली संतप्त प्रतिक्रिया लिहिण्याची. मीही तीच केली. तासाभरात ते पान नाहीसे झाले, आठवड्याने वेगळ्या शीर्षकाखाली पुन्हा आले, आणि मधल्या काळात माझ्याजवळ दाखवायला काहीही नव्हते. म्हणून सर्वांत आधी, कोणाशी एक शब्दही न बोलता, पुरावा गोळा करावा. चोरलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल अशी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत. संपूर्ण पान पीडीएफ स्वरूपात उतरवून ठेवावे. आणि संकेतस्थळांची पाने तारखेसह साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पत्त्याची नोंद करावी. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो, कारण आपल्या संगणकावरचे छायाचित्र आपण बनवलेले आहे असा आक्षेप घेता येतो. त्रयस्थ संस्थेने साठवलेल्या, तारीख असलेल्या प्रतीवर तो तितक्या सहजपणे घेता येत नाही. आपल्या स्वतःच्या मूळ पानाचीही अशीच नोंद करावी, आणि खरे तर ती लेख प्रसिद्ध केल्या दिवशीच करून ठेवावी. छायाचित्रे चोरीला गेली असतील तर कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून निघालेली मूळ मोठी फाइल हाच उत्तम पुरावा असतो. ती व्हॉट्सॲपवरून पाठवून मग फोनमधून पुसून टाकण्याची सवय असल्यास ती आजच सोडावी, कारण तेथे चित्र लहान होते आणि त्यातील मूळ माहिती गळून जाते.

प्रकरण न्यायालयात जाईल असे सुरुवातीला कोणालाच वाटत नाही. तरीही एवढे लक्षात ठेवावे की १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी बदलणारा तिचा आकडी ठसा, हेही त्यात नमूद करायचे असते. त्यामुळे मूळ फाइल एकदा साठवली की तिला पुन्हा हात लावू नये. कापाकापी करायचीच असेल तर वेगळ्या प्रतीवर करावी.

चोरी शोधायची कशी, हा प्रश्न मराठीत थोडा किचकट आहे. नेहमीची रीत अशी की लेखातील सात-आठ शब्दांचे एखादे खास वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावे. परंतु देवनागरीत एकच अक्षर दोन प्रकारे टंकित होऊ शकते. ‘ॲ’ हे अक्षर कोणी एका चिन्हाने लिहितो, तर कोणी ‘अ’वर चंद्र देऊन, ‘पायऱ्या’मधला अर्धा र वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या संकेतांनी उमटतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधयंत्राला मात्र दिसू शकतो. म्हणून शोधासाठी अशी अक्षरे नसलेले साधे वाक्य निवडावे, आणि ते लेखाच्या मधले असावे, कारण चोर पहिला परिच्छेद हमखास बदलतो. गावांची नावेही सर्व रूपांत तपासावीत. बेळगाव, बेळगांव, बेळगावी ही तिन्ही रूपे चालू आहेत, आणि २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झाल्यामुळे नक्कल करणारी काही पोर्टले मूळ लेखातला ‘बेळगाव’ सरसकट बदलून टाकतात. छायाचित्रांसाठी गूगल लेन्स किंवा टिनआय पुरेसे आहे.

भाषांतरित चोरी अशा शोधात सापडत नाही. तेथे विशेषनामे, आकडे आणि उदाहरणांचा क्रम पाहावा लागतो. लेखातील दोन-तीन दुर्मीळ नावे कन्नड लिपीत एकत्र शोधावीत, आणि संशयास्पद पान सापडले की दोन्ही लेख शेजारी ठेवून परिच्छेदांचा क्रम जुळतो का ते पाहावे. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे आपली स्वतःची चूक. आपण पायऱ्या मोजताना एक कमी मोजली असेल आणि समोरच्यानेही नेमकी तेवढीच मोजली असेल, तर पुढे फारसे बोलावे लागत नाही. आमच्या आत्याची चप्पल याच जातीची होती.

येथे थोडे थांबून स्वतःलाही काही प्रश्न विचारणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक साम्य म्हणजे चोरी नव्हे. कायद्याचे संरक्षण मांडणीला असते. माहितीला, कल्पनेला किंवा ऐतिहासिक घटनेला नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले, आणि आजही अशा वादांत त्याचाच आधार घेतला जातो. आपल्या भागाच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांना याचा अनुभव वारंवार येतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ साली निघालेला बेळगावविषयक खंड हा आपल्यापैकी अनेकांचा समान पाणवठा आहे. दोघांनी त्याच घागरीतून पाणी घेतले असेल तर चव सारखी लागणारच, आणि त्या खंडावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला आहे. किल्ल्यातील कमल बस्तीचे वर्णन दोघांनी केले म्हणून एकाने दुसऱ्याचे ढापले असे होत नाही. मांड्यांची कृती घ्या. साहित्याची यादी आणि कृतीचे टप्पे यांवर कोणाचीही मालकी नाही; पण उपड्या खापरावर मांडा पसरताना आजीचे हात कसे हलत, हे आपण ज्या शब्दांत लिहिले ते शब्द आपले आहेत.

त्याचप्रमाणे स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये दिलेले अपवादही वाचून घ्यावेत. समीक्षेसाठी, संशोधनासाठी किंवा चालू घडामोडींच्या वृत्तासाठी रास्त प्रमाणात घेतलेले उतारे हा हक्कभंग ठरत नाही. या कलमातील एक तरतूद मात्र फार थोड्या लेखकांना ठाऊक असते. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरील लेख वृत्तपत्राला अथवा नियतकालिकाला पुनर्मुद्रित करता येतो, जर लेखकाने पुनर्मुद्रणाचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसेल तर. सीमाप्रश्नावर, ऊसदरावर, शाळांच्या माध्यमावर लिहिणाऱ्यांनी ही तरतूद दोनदा वाचावी. ब्लॉगच्या तळाशी ‘सर्व हक्क राखीव’ लिहिणे ही केवळ शोभा आहे असे मलाही पूर्वी वाटत असे; आता मी प्रत्येक लेखाखाली “या लेखाचे पुनर्मुद्रण, भाषांतर व ध्वनिमुद्रण यांचे हक्क लेखकाने राखून ठेवले आहेत” असे पूर्ण वाक्य लिहितो.

आणि एक अवघड प्रश्न: आपल्या लेखातील छायाचित्रे आपली आहेत ना? मजकुराचा काही भाग मराठी विकिपीडियावरून आलेला नाही ना? विकिपीडियाचा मजकूर श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली कोणालाही वापरता येतो, त्यामुळे तेवढ्या भागावर आपण दावा सांगू शकत नाही. दुसऱ्यावर बोट दाखवण्यापूर्वी आपले अंगण झाडून घेतलेले बरे, कारण खोटी किंवा निराधार धमकी दिली तर कलम ६० नुसार समोरचा आपल्याविरुद्धच दावा करू शकतो.

एवढे झाल्यावर पहिले पत्र लिहावे. ते सभ्य, लहान आणि वस्तुनिष्ठ असावे, उदाहरणार्थ:

“महोदय, आपल्या संकेतस्थळावर अमुक दिनांकास प्रसिद्ध झालेला लेख हा माझ्या अमुक लेखाचे विनापरवाना केलेले भाषांतर आहे. मूळ लेख अमुक दिनांकास प्रसिद्ध झाला असून दोन्हींचे पत्ते खाली दिले आहेत. समान परिच्छेद सोबतच्या तक्त्यात दाखवले आहेत. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत आपण सदर लेख काढून टाकावा, अथवा माझे नाव व मूळ लेखाचा दुवा ठळकपणे देण्याची तयारी असल्यास तसे लेखी कळवावे.”

काढून टाकणे की नाव देणे, यांपैकी काय मागायचे हे आधी मनाशी ठरवावे. शब्दशः नक्कल असेल तर मी ती काढूनच टाकायला सांगतो. भाषांतर चांगले असेल तर मात्र माझा कल नाव मागण्याकडे असतो, कारण आपला लेख कन्नड वाचकांपर्यंत पोहोचणे ही काही वाईट गोष्ट नाही. वाईट असते ते आपले नाव गळणे. लेखक म्हणून ओळखले जाण्याचा हा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा सांगितलेला आहे, आणि आपण आर्थिक हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी तो आपल्याकडेच राहतो. पत्र कोणत्या भाषेत लिहावे, हा मुद्दा येथे क्षुल्लक वाटेल, पण नाही. माझ्या मराठी पत्राला तीन आठवडे उत्तर आले नाही. शहापूरच्या एका स्नेह्याने तेच पत्र कन्नडमध्ये लिहून दिले, तेव्हा दोन दिवसांत उत्तर आले की लेख एका बाहेरच्या माणसाने स्वतःचा म्हणून पाठवला होता, आणि त्यांनी तो काढला.

उत्तर आले नाही तर चोराशी हुज्जत घालत बसण्यापेक्षा ज्याच्या जागेवर तो लेख ठेवला आहे त्याच्याकडे जावे. संकेतस्थळाची जागा पुरवणारी कंपनी अनेकदा हूइज नोंदींवरून, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या सार्वजनिक नोंदींवरून, शोधता येते. अमेरिकी कंपन्या १९९८ च्या डीएमसीए या तेथील स्वामित्वहक्कविषयक कायद्यानुसार तक्रारी घेतात. आपण भारतात राहतो म्हणून ती वाट बंद नसते, कारण भारत व अमेरिका हे दोन्ही देश एकमेकांच्या लेखकांचे हक्क मानणाऱ्या बर्न कराराचे सदस्य आहेत. तक्रारीत मूळ लेखाची ओळख, चोरलेल्या पानाचा नेमका पत्ता, आपला संपर्क, हा वापर परवानगीविना होत असल्याचा प्रामाणिक विश्वास, माहिती खरी असल्याचे आणि आपण हक्कधारक असल्याचे शपथेच्या जबाबदारीवरचे विधान, आणि स्वाक्षरी एवढ्या गोष्टी लागतात. टंकलिखित नावही स्वाक्षरी म्हणून चालते. चोरीचे पान ब्लॉगरवर असेल तर तक्रार गूगलकडेच जाते. पान दुसरीकडे असले तरी गूगलच्या शोधनिकालांतून ते काढण्याची वेगळी तक्रार करता येते, आणि माझ्या अनुभवात हाच उपाय सर्वांत लवकर लागू पडतो. पान उरते, पण त्याच्याकडे येणारी वाट बंद होते. अशा तक्रारींच्या प्रती गूगल ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहाकडे पाठवते आणि त्यात आपले नाव दिसू शकते, याची तयारी ठेवावी. समोरच्याने प्रतिसूचना दिली, म्हणजे आपली तक्रार चुकीची असल्याचे लेखी कळवले, आणि आपण दावा दाखल केला नाही, तर साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर पुन्हा दिसू लागतो.

फेसबुकवर तक्रार करताना लोक गटाचा किंवा व्यक्तीच्या पानाचा पत्ता देतात आणि तक्रार फेटाळली जाते. पोस्टवर लिहिलेल्या वेळेवर टिचकी मारली की त्या एका पोस्टचा पत्ता मिळतो. तोच द्यावा, आणि दहा पोस्टी असतील तर दहा पत्ते द्यावेत. यूट्यूबवर सध्या आपल्या कथा आणि लेख पार्श्वसंगीतावर वाचून दाखवणाऱ्या वाहिन्यांचे पेव फुटले आहे. “आम्ही फक्त वाचले” हा बचाव टिकत नाही, कारण साहित्यकृती जनतेपर्यंत पोहोचवण्याचा आणि तिचे ध्वनिमुद्रण करण्याचा हक्कही लेखकाचाच आहे. यूट्यूबच्या तक्रार अर्जात सात दिवसांची मुदत देण्याचा पर्याय असतो. बहुतेक वाहिन्या त्या मुदतीतच व्हिडिओ काढतात, कारण ९० दिवसांत तीन ठपके लागले तर वाहिनी बंद होण्याची पाळी येते.

भारतीय नियमांचाही उपयोग करून घ्यावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार समाजमाध्यमांना व तत्सम मध्यस्थांना तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव प्रसिद्ध करावे लागते, आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याच्या निर्णयावर समाधान न झाल्यास ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. शोधयंत्रे किंवा दुवे पुरवणाऱ्या सेवांनी तात्पुरत्या साठवलेल्या प्रतींबाबत २०१३ च्या स्वामित्वहक्क नियमांतील नियम ७५ आहे. लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत अशी प्रत २१ दिवसांसाठी बंद करावी लागते, आणि त्या अवधीत आपण न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा खुली करता येते.

व्हॉट्सॲपपुढे मात्र मी हात टेकले आहेत. नाव कापून, खाली नुसते ‘साभार’ लिहून फिरणारा लेख कोणत्या गटातून निघाला हे शोधणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. कोणाला साभार, हेही त्यात नसते. आपण एवढेच करू शकतो की नाव लेखाच्या शेवटी न ठेवता पहिल्या दोन ओळींत आणि पुन्हा एकदा मजकुराच्या पोटात, वाक्याचा भाग म्हणून गुंफावे. शेपूट कापणारा पोटातले नाव शोधत बसत नाही.

छापील चोरीचे तंत्र वेगळे आहे. आपल्या भागात गावोगावी साहित्य संमेलने होतात, त्यांच्या स्मरणिका निघतात, गणेश मंडळांचे अंक निघतात, आणि जाहिरातींच्या मधली पाने भरण्यासाठी कोणीतरी इंटरनेटवरून लेख उतरवून घेतो. अशाच एका स्मरणिकेत माझा लेख ‘संकलित’ म्हणून छापला गेला. संपादक ओळखीचे, त्यांचा मुलगा माझ्या भावाचा वर्गमित्र. अशा ठिकाणी वकिलाची नोटीस पाठवणे म्हणजे दोन घरांचे बोलणे बंद करणे होय. मी प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो, चहा घेतला आणि शिल्लक प्रतींत नावासह शुद्धिपत्र चिकटवण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली, मात्र मी ती तेथेच लेखी स्वरूपात घेतली. उलट बाजूने, कोणी आपल्याकडे लेख मागितला तर परवानगीही लेखीच द्यावी, आणि ती एकाच अंकापुरती आहे असे त्यात नमूद करावे. हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो.

नुकसान खरोखर मोठे असेल, म्हणजे आपल्या लेखांचे कोणी पुस्तक काढून विकत असेल, तरच वकिलाकडे जावे असे माझे मत आहे. कलम ६२ ची एक सोय लेखकाच्या बाजूची आहे: प्रतिवादी बंगळूरचा असो वा पुण्याचा, लेखक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात, म्हणजे आपल्याला बेळगावातच, दावा दाखल करता येतो. मराठी मजकुराचे प्रमाणित भाषांतर जोडावे लागेल हे गृहीत धरून खर्चाचा अंदाज घ्यावा. नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. स्वामित्वहक्क अधिनियमाच्याच कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेला हक्कभंग हा गुन्हाही आहे, त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र असल्याचे म्हटले आहे. त्यामुळे पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देता येते. १९३० हा क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठी आहे. लेखचोरीसाठी तेथे फोन करून उपयोग नाही.

लेखाची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, कारण लेख लिहिल्याबरोबर हक्क निर्माण होतो आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तथापि नोंदणीपुस्तकातील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, आणि साहित्यकृतीचे शुल्क ५०० रुपये आहे. एकेका लेखाची नोंदणी करण्यापेक्षा वर्षभराचे निवडक लेख एका संग्रहाच्या रूपात नोंदवणे मला व्यवहार्य वाटते.

प्रतिबंधाच्या उपायांबद्दल थोडक्यात. उजवी टिचकी बंद करणाऱ्या क्लृप्त्या लावू नयेत. चोर थांबत नाही, आणि एखादा परिच्छेद पत्नीला किंवा मित्राला पाठवू पाहणारा प्रामाणिक वाचक तेवढा वैतागतो. ब्लॉगचे फीड, म्हणजे नवे लेख आपोआप बाहेर पाठवणारी सोय, पूर्ण न देता संक्षिप्त ठेवावे, कारण आपोआप लेख उचलणारी संकेतस्थळे तेथूनच उचलतात. लेखात आपल्याच जुन्या लेखांचे दुवे पेरावेत; आंधळेपणाने नक्कल करणारा ते दुवेही घेऊन जातो आणि त्याचे वाचक आपल्या दारात येतात. छायाचित्रावर नाव कोपऱ्यात न टाकता विषयाला लागून टाकावे. आणि एक साधी वही ठेवावी: लेखाचे नाव, प्रसिद्धीची तारीख, चोरी दिसल्याची तारीख, पत्र पाठवल्याची तारीख, उत्तर. हलशीच्या लेखापुढे माझ्या वहीत आजवर चार नोंदी झाल्या आहेत, आणि चौथ्या नोंदीतल्या यूट्यूब वाहिनीवर आत्याऐवजी मावशी आली आहे. चप्पल मात्र अजून तुटलेलीच आहे.